विश्लेषण : हात धुण्याचा आग्रह धरणाऱ्या डॉक्टरवर वेड्यांच्या इस्पितळात मरण्याची वेळ का आली? आजच्या सॅनिटायझरशी त्याचा संबंध काय?

२० मार्च २०२० रोजी मोबाइलवर गूगल उघडणाऱ्यांना एका मिशाळ डॉक्टरचे डूडल दिसले होते. त्यासोबत हात कसे धुवावेत हे पायरीपायरीने दाखवले होते. जनता कर्फ्यूला तेव्हा दोन दिवस उरले होते. त्याच आठवड्यात केंद्र सरकारने २०० मिलिलिटर सॅनिटायझरच्या बाटलीची कमाल किंमत १०० रुपये ठरवून दिली. त्या गडबडीत डूडलमधला माणूस कोण, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ते होते हंगेरीचे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस. डॉक्टरांच्या हातांमुळे रुग्ण मरतात आणि हात नीट स्वच्छ केले तर ते वाचतात, हे त्यांनी १८४७ मध्ये आकडेवारीनिशी दाखवले. त्यांच्या हयातीत बहुतेक सहकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. आज पर्समध्ये, टेबलावर, दवाखान्याच्या दारात दिसणाऱ्या बाटलीमागे त्यांची कहाणी आहे. बाटली निवडताना आणि वापरताना होणाऱ्या चुकाही त्या कहाणीतून समजतात.

सेमेलवाइस कोण होते?

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी बुडा शहरातील ताबान या भागात झाला. बुडा आणि पलीकडच्या काठावरचे पेश्त मिळून आजचे बुडापेस्ट झाले आहे. वडील किराणा व्यापारी होते. दहा भावंडांमध्ये इग्नाझ पाचवे. १८३७ मध्ये ते कायदा शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले, पण वर्षभरातच त्यांनी वैद्यकशास्त्राकडे मोर्चा वळवला. १८४४ मध्ये ते डॉक्टर झाले. त्यांना सामान्य वैद्यक विभागात काम करायचे होते. तिथे जागा मिळाली नाही म्हणून ते प्रसूतिशास्त्राकडे वळले.

जुलै १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूती विभागात प्रा. योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे युरोपातील सर्वात मोठ्या प्रसूतिगृहांपैकी एक होते. येथे गरीब बायकांचे बाळंतपण विनामूल्य होत असे. त्या बदल्यात विद्यार्थ्यांना त्यांची तपासणी करून शिकता येत असे.

दोन विभागांचे कोडे काय होते?

या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी शिकत. बाई कोणत्या विभागात जाईल हे ती कोणत्या दिवशी दाखल झाली यावर ठरे. एक दिवस पहिल्या विभागाचा, दुसरा दिवस दुसऱ्याचा. म्हणजे दोन्हीकडच्या बायका एकाच शहरातल्या, एकाच थरातल्या होत्या. इमारत एक, आहार एक, हवा एक. फरक होता तो मृत्यूंमध्ये.

१८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता दगावल्या. म्हणजे ११.४ टक्के. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांमागे १०५ मृत्यू झाले, म्हणजे २.८ टक्के. बहुतेक मृत्यू सूतिकाज्वराने होत. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप येई, पोट फुगे, असह्य वेदना होत आणि काही दिवसांत बाई जाई. अनेकदा नवजात बाळही जाई.

हा फरक शहरातल्या बायकांना ठाऊक होता. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे हे कळताच त्या दुसरीकडे पाठवण्यासाठी हातापाया पडत. काही जणींचे बाळंतपण रुग्णालयात पोहोचण्याआधी रस्त्यातच होई. त्यांना हा ताप कमी प्रमाणात येत असे. रस्त्यावरचे बाळंतपण नावाजलेल्या रुग्णालयापेक्षा सुरक्षित कसे, हा प्रश्न सेमेलवाइस यांना छळू लागला.

त्यांनी एकेक शक्यता कशी खोडून काढली?

तेव्हाच्या डॉक्टरांच्या मते दूषित हवा, ऋतुमान, शरीरातील दोषांचा असमतोल, बाईची भीती किंवा लाज यांमुळे हा ताप येत असे. सेमेलवाइस यांनी एकेक कारण दोन्ही विभागांना लावून पाहिले. हवा दूषित असेल तर दोन्हीकडे सारखीच असणार. गर्दी म्हणावी तर पहिला विभाग टाळण्याच्या धडपडीमुळे दुसऱ्यातच जास्त होती. पहिल्या विभागात बायका पाठीवर झोपून बाळंत होत, दुसऱ्यात कुशीवर. सेमेलवाइस यांनी पहिल्या विभागातही कुशीवरची पद्धत आणली, पण काही फरक पडला नाही. मरणासन्न बाईला अंत्यविधी देण्यासाठी पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जात असे. त्या आवाजाने बायका घाबरून आजारी पडतात, असेही सांगितले जाई. सेमेलवाइस यांनी घंटा बंद करवून पाद्र्याचा रस्ता बदलायला लावला. मृत्यू थांबले नाहीत.

उत्तर मिळाले ते एका मित्राच्या मृत्यूतून. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस व्हेनिसला सुट्टीवर गेले होते. परत आल्यावर कळले की न्यायवैद्यक शिकवणारे प्रा. याकोब कोलेच्का वारले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. सेमेलवाइस यांनी त्यांचा शवविच्छेदन अहवाल वाचला. त्यातली लक्षणे सूतिकाज्वराने मेलेल्या बायकांच्या शरीरात सापडणाऱ्या लक्षणांशी जुळत होती.

आता कोडे सुटले. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात काम करत आणि तिथून सरळ प्रसूती विभागात येऊन बायकांची अंतर्गत तपासणी करत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. प्रेतातले काहीतरी डॉक्टरांच्या हातांवर चिकटून येत होते आणि तेच बायकांच्या शरीरात जात होते. हे काहीतरी म्हणजे जंतू, हे कळायला अजून बराच काळ होता. सेमेलवाइस यांनी त्याला प्रेतातील कण म्हटले.

हे डॉक्टर हात धूतच नव्हते असे नाही. ते साबणाने हात धूत आणि हात स्वच्छ दिसत. पण साबणानंतरही बोटांना शवागाराचा वास राही. जे दिसत नाही ते अजून हातावर आहे, याचा सेमेलवाइस यांच्याजवळ तेवढाच पुरावा होता.

बेसिनमध्ये त्यांनी काय ठेवले?

तो वास घालवणारा पदार्थ त्यांनी शोधला. मे १८४७ च्या मध्यापासून त्यांनी पहिल्या विभागात नियम केला की आत येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने आणि विद्यार्थ्याने क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवून नीट चोळायचे. क्लोरीनचे पाणी महाग पडू लागले तेव्हा त्यांनी स्वस्त क्लोरीनयुक्त चुना वापरायला घेतला. आपण त्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो. ग्रामपंचायत पावसाळ्यात विहिरीत टाकते तीच. अल्कोहोलचा यात कुठेही संबंध नव्हता. तो नंतर आला.

निकाल काही आठवड्यांत दिसला. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात ३१२ बाळंतपणांमागे ५७ माता दगावल्या होत्या, म्हणजे १८ टक्क्यांहून जास्त. जूनमध्ये २६८ पैकी ६, जुलैमध्ये २५० पैकी ३ आणि ऑगस्टमध्ये २६४ पैकी ५. १८४८ च्या संपूर्ण वर्षात ३,५५६ बाळंतपणांमागे ४५ मृत्यू झाले. हे प्रमाण १.२७ टक्के होते, सुईणींच्या विभागापेक्षाही किंचित कमी. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट महिन्यांत एकही माता दगावली नाही.

मध्येच एक धक्काही बसला. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक बाई वॉर्डात होती. डॉक्टर फेरीत आधी तिला तपासत, मग साबणाने हात धुऊन इतरांकडे जात. त्या वेळी बाळंत होत असलेल्या १२ पैकी ११ जणी दगावल्या. सेमेलवाइस यांना कळले की विष केवळ प्रेतातून येत नाही, जिवंत रुग्णाच्या सडत्या जखमेतूनही ते दुसऱ्याकडे जाते. त्यानंतर नियम कडक झाला. वॉर्डात शिरताना एकदा हात धुणे पुरेसे नव्हते. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी हात क्लोरीनमध्ये धुवायचे ठरले. आजच्या रुग्णालयांतला नियम हाच आहे.

हा विचार पहिल्यांदा सेमेलवाइस यांनाच सुचला का?

नाही. स्कॉटलंडच्या अॅबर्डीनमधील डॉ. अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच लिहिले होते की डॉक्टर आणि सुईणी हा ताप एका बाईकडून दुसरीकडे नेतात. अमेरिकेत बॉस्टनचे डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये तेच मांडले. दोघांनाही विरोध झाला. सेमेलवाइस यांचे वेगळेपण म्हणजे त्यांनी एक ठरावीक रसायन निवडले, नियम केला आणि आधीचे व नंतरचे आकडे महिन्यागणिक मांडले.

मग डॉक्टरांनी ऐकले का नाही?

याची कारणे अनेक होती. पहिले, जंतूंचा सिद्धांत अजून आलेला नव्हता. हातावरचे न दिसणारे कण माणूस कसा मारतात, याचे पटणारे उत्तर सेमेलवाइस यांच्याकडे नव्हते. रुडॉल्फ फिर्शो यांच्यासारख्या त्या काळच्या बड्या शास्त्रज्ञाचाही त्यांना विरोध होता.

दुसरे कारण जास्त बोचरे होते. हे म्हणणे मान्य करायचे म्हणजे आपण इतकी वर्षे आपल्याच हातांनी रुग्ण मारले हे मान्य करायचे. सेमेलवाइस यांनी स्वतःचा दोष लपवला नाही. आपल्या हातून किती बायका गेल्या हे फक्त देवालाच माहीत, असा कबुलीचा सूर त्यांच्या ग्रंथात आहे. पण इतरांना ते झेपणारे नव्हते. जर्मनीतील कील शहराचे प्रसूतितज्ज्ञ गुस्ताव मिखाएलिस यांनी ही पद्धत स्वीकारली, पण आपण तपासलेली एक जवळची नातेवाईक याच तापाने गेल्याचे ओझे त्यांना सहन झाले नाही. १८४८ मध्ये त्यांनी रेल्वेखाली आत्महत्या केली.

तिसरे कारण सेमेलवाइस यांच्याकडेच होते. त्यांनी आपला शोध वेळेवर लिहिला नाही. सुरुवातीची माहिती त्यांचे मित्र फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी छापली, जोसेफ श्कोडा यांनी व्याख्यानातून मांडली. त्यातून अनेकांचा समज झाला की सगळा दोष फक्त प्रेतांचा आहे. जिथे शवविच्छेदन होत नव्हते तिथल्या डॉक्टरांना हे आपल्यासाठी नाहीच असे वाटले. चौथे कारण म्हणजे रोजची कटकट. क्लोरीनने हात लाल होत, सोलवटत, वास येई. दिवसातून अनेकदा ते सहन करणे विद्यार्थ्यांच्या जिवावर येई.

त्यात १८४८ मध्ये व्हिएन्नात क्रांती झाली आणि ती चिरडली गेली. हंगेरीही साम्राज्याविरुद्ध उठली होती. विभागप्रमुख क्लाइन यांचे सेमेलवाइस यांच्याशी पटत नव्हतेच. मार्च १८४९ मध्ये त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. ऑक्टोबर १८५० मध्ये त्यांना अध्यापनाची परवानगी मिळाली, पण शिकवायचे ते फक्त कृत्रिम पुतळ्यावर, या अटीवर. त्यानंतर काही दिवसांतच ते मित्रांचाही निरोप न घेता व्हिएन्ना सोडून निघून गेले.

पुढे हंगेरीत काय झाले?

१८५१ मध्ये त्यांनी पेश्तच्या सेंट रोख रुग्णालयाच्या प्रसूती विभागाची जबाबदारी घेतली. हे काम मानद होते, पगार नव्हता. १८५१ ते १८५५ या काळात तिथे ९३३ बाळंतपणे झाली आणि सूतिकाज्वराने ८ माता दगावल्या, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. १८५५ मध्ये ते पेश्त विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८५७ मध्ये मारिया वायडेनहोफर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली, त्यातली दोन लहानपणीच गेली.

आपल्या शोधावरचा मोठा ग्रंथ त्यांनी अखेर लिहिला. तो १८६१ चा म्हणून ओळखला जातो, म्हणजे पहिल्या बेसिननंतर तब्बल १४ वर्षांनी. ग्रंथ लांबलचक होता आणि त्यात विरोधकांवरची टीका पानोपानी होती. त्याचे स्वागत थंड झाले. मग त्यांनी युरोपातील प्रसूतितज्ज्ञांना जाहीर पत्रे लिहायला सुरुवात केली. हात न धुणाऱ्या प्राध्यापकांना त्यांनी थेट खुनी ठरवले. त्यामुळे तटस्थ लोकही दूर गेले.

१८६५ पर्यंत त्यांचे वागणे घरच्यांना आणि सहकाऱ्यांना विचित्र वाटू लागले होते. त्यांना नेमका कोणता आजार होता यावर नंतरच्या डॉक्टरांचे एकमत नाही. जुलैअखेर त्यांना व्हिएन्नाला नेण्यात आले. जुने मित्र हेब्रा त्यांना एक नवे रुग्णालय दाखवण्याच्या बहाण्याने वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. प्रकार लक्षात येताच सेमेलवाइस यांनी निसटण्याचा प्रयत्न केला. तिथल्या रखवालदारांनी त्यांना जबर मारहाण केली आणि बांधून अंधाऱ्या खोलीत ठेवले. दोन आठवड्यांत, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. चिघळलेल्या जखमेतून रक्तात विष पसरले होते. कोलेच्का ज्या प्रकारे गेले, व्हिएन्नातल्या त्या बायका ज्या प्रकारे गेल्या, जवळपास तसाच हा शेवट होता. अंत्यसंस्काराला मोजकेच लोक आले.

त्यांचे म्हणणे खरे कधी ठरले?

योगायोग असा की त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लाची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही. त्यातून जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये सूतिकाज्वरामागचे साखळीसारखे दिसणारे जंतू दाखवले. ते म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. सेमेलवाइस यांच्या अदृश्य कणांना आता नाव मिळाले होते.

१८९१ मध्ये त्यांच्या अस्थी बुडापेस्टला आणल्या गेल्या. त्यांचे जन्मघर आज वैद्यकशास्त्राचे संग्रहालय आहे. १९६९ पासून बुडापेस्टचे वैद्यकीय विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. २०१३ मध्ये त्यांच्या शोधाची कागदपत्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाली. रूढ समजुतीविरुद्ध पुरावा समोर आला की तो विचार न करताच झिडकारण्याच्या वृत्तीला इंग्रजीत त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

मग क्लोरीनची जागा अल्कोहोलने कशी घेतली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील शल्यचिकित्सक हातांसाठी अल्कोहोल वापरू लागले. अल्कोहोल जंतूंमधील प्रथिनांची घडी मोडते आणि त्यांच्या भोवतीचे स्निग्ध आवरण विरघळवते. ते काही सेकंदांत काम करते आणि उडून जाते. टॉवेल लागत नाही, नळ लागत नाही.

पण सेमेलवाइस यांना छळणारा जुना प्रश्न १५० वर्षांनंतरही कायम होता. हात स्वच्छ केले पाहिजेत हे सगळ्यांना ठाऊक होते, तरी ते होत नव्हते. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात १९९४ मध्ये पाहणी झाली तेव्हा गरजेच्या प्रसंगांपैकी ४८ टक्के वेळाच हात स्वच्छ केले जात होते. डॉ. दिदिए पिते यांच्या चमूच्या लक्षात आले की अडचण बेसिनपर्यंतच्या चालण्याची आणि वेळेची आहे. बेसिनवर जाऊन हात धुऊन पुसून येण्यात जाणारा वेळ गर्दीच्या वॉर्डात परिचारिकेकडे नसतो. त्यांनी अल्कोहोलचे द्रावण खाटेजवळच ठेवले, सोबत फलक लावले आणि सतत पाठपुरावा केला. १९९७ पर्यंत हे प्रमाण ६६ टक्के झाले. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९४ मधील १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर आले.

सेमेलवाइस यांचे द्रावण प्रभावी होते, पण ते दारात होते आणि हात सोलवटत होते. जिनिव्हात ते हाताशी आले आणि त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन आले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत अशा द्रावणाची कृतीच दिली. एका प्रकारात ८० टक्के इथेनॉल, दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन्हींत थोडे ग्लिसरीन व हायड्रोजन पेरॉक्साइड. २०२० मध्ये जगभर बनलेल्या सॅनिटायझरमागे बऱ्याच ठिकाणी हीच कृती होती.

बाटली निवडताना काय पाहावे?

व्हिएन्नातले हात दिसायला स्वच्छ होते. बाटलीच्या बाबतीतही रंग, सुगंध किंवा फेस यांवरून काहीच कळत नाही. सेमेलवाइस यांच्याकडे वासाशिवाय दुसरी कसोटी नव्हती. आपल्याकडे लेबल आहे. त्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

– अल्कोहोलचे प्रमाण किमान ६० टक्के असावे. साधारण ७० ते ८० टक्के उत्तम. ९५ टक्के म्हणजे अधिक चांगले असे नाही. प्रथिनांची घडी मोडायला थोडे पाणीही लागते, शिवाय शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जाते.

– अल्कोहोलचे नाव लिहिलेले असावे. इथेनॉल किंवा इथाइल अल्कोहोल, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा प्रोपेनॉल ही नावे ठीक. मिथेनॉल मात्र विषारी आहे. ते त्वचेतूनही शरीरात जाऊ शकते आणि पोटात गेल्यास अंधत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मिथेनॉल आढळलेल्या अनेक सॅनिटायझरबाबत इशारे दिले होते.

– उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती बाटली घेऊ नये. सुट्या कॅनमधून भरून मिळणारे द्रावणही टाळावे.

– अल्कोहोलविरहित असे लिहिलेले असेल तर त्यात वेगळे रसायन असते. ते अल्कोहोलइतके सर्व प्रकारच्या जंतूंवर चालत नाही.

– जेल की स्प्रे, हा सोयीचा प्रश्न आहे. मात्र स्प्रेचा एक फवारा अनेकदा पुरत नाही.

वापरताना कुठे चुकते?

सर्वात मोठी चूक प्रमाणाची. दोन थेंब घेऊन तळवे चोळले की झाले, असा समज आहे. दोन्ही हात पूर्ण ओले होतील इतके द्रावण तळहातावर घ्यावे. मग तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या मधल्या फटी, अंगठे आणि शेवटी बोटांची टोके चोळावीत. अंगठा आणि बोटांची टोके नेमकी राहून जातात, आणि व्हिएन्नात तपासणी बोटांच्या टोकांनीच होत होती. हात आपोआप कोरडे होईपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद, चोळत राहावे. मध्येच पुसू नये किंवा धुऊ नये. ओल्या हातांवर लावल्यास द्रावण पातळ होते.

हात मळलेले, तेलकट किंवा चिखलाचे असतील तर सॅनिटायझर उपयोगाचे नाही. शेतात फवारणी केल्यावर, शौचानंतर, स्वयंपाकाआधी साबण आणि पाणीच हवे, ४० ते ६० सेकंद. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूंची बीजे अल्कोहोलला दाद देत नाहीत. त्यामुळे घरात जुलाबाचा रुग्ण असेल तर नळच गाठावा. रुग्णालयात नातेवाइकाला भेटायला जाताना मात्र बाटली फार कामाची. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर, खाट, सलाइनचा स्टँड, टेबल यांना हात लागल्यावर ती वापरावी.

धोका कोणता?

अल्कोहोल पेट घेते. सॅनिटायझर लावून लगेच गॅस पेटवणे, देवापुढे निरांजन लावणे किंवा दिवाळीत फटाके उडवणे धोक्याचे आहे. हात पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. बाटली उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये.

दुसरा धोका पोटात जाण्याचा. तो कागदावरचा नाही, हे यवतमाळ जिल्ह्याने २०२१ मध्ये पाहिले. जानेवारीअखेरीस पल्स पोलिओ मोहिमेत एका गावात पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ती बरी झाली. एप्रिलमध्ये वणी येथे टाळेबंदीत दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. सॅनिटायझर मूळ बाटलीतच ठेवावे, औषधांच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नये आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे. लहान मुलाच्या हाताला मोठ्यांनीच लावावे आणि सुकेपर्यंत थांबावे. चुकून पोटात गेल्यास उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता बाटलीसह थेट रुग्णालय गाठावे.

आज यातून काय लक्षात ठेवायचे?

करोना ओसरल्यावर अनेक कार्यालयांच्या दारातल्या बाटल्या रिकाम्या पडल्या. सूतिकाज्वर आणि रुग्णालयात होणारे संसर्ग मात्र करोनाच्या आधीही होते आणि आजही आहेत. बाळंतिणीला किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला तपासण्यापूर्वी हात स्वच्छ केले का, असे डॉक्टरांना आणि परिचारिकांना नम्रपणे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी ५ मे रोजी हातांच्या स्वच्छतेचा दिवस पाळते, तोही याचसाठी. १८४६ च्या व्हिएन्नात दाखल झालेल्या ४,०१० बायकांपैकी कुणालाही असे विचारण्याची सोय नव्हती. काय विचारायचे हेही त्यांना ठाऊक नव्हते.